गुरुजींनी वाचून दाखवलेलं पत्र

सय्यद गुरुजी गेल्याचं मला मावशीच्या फोनवरून कळलं. भर दुपारी मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मावशीचा आवाज एरवी चार घरं ओलांडून जाणारा, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती. "गुरुजी गेले गं. पहाटं नमाजाला उठले, अन् तिथंच बसल्या जागी..." मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. रक्ताच्या नात्यातलं कुणी गेलं तर रजा मागता येते. गुरुजी माझे कोण, हे साहेबांना कसं सांगावं ते मला सुचेना.

मी बारावी झाले तेव्हा माझे आई-पप्पा आणि धाकटा भाऊ मस्कतला होते. पप्पा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. दहावीनंतर माझं तिथलं शिक्षण झेपेना, म्हणून मला कोल्हारला मावशीकडे ठेवलं होतं. इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि फी-सवलतीचा अर्ज भरायची वेळ आली. त्याला उत्पन्नाचा दाखला हवा. तहसीलच्या खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, "वडील कुठं असतात?" मी म्हटलं, मस्कतला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग तुला सवलत कशाला पाहिजे?" मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाहेर अर्ज भरून देणारा एक जण भेटला. त्याचं म्हणणं, वडील परदेशात आहेत हे लिहूच नका, मावशीच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या, नावानं दाखला काढून देतो. मावशीलाही ते पटलं. "लिहून टाक. कोण बघायला येतंय?" खरं सांगते, मी जवळजवळ तयार झाले होते. पण मावशीचे मालक नको म्हणाले, आणि मी पप्पांना कंपनीकडून पगाराचं पत्र मागवायला सांगितलं. ते मोबाईलवर आलं. खाली गोल शिक्का होता, पण मजकूर सगळा अरबीत. खिडकीवरून ते परत आलं... याचं मराठी करून आणा.

गुरुजी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मावशीचं दूध त्यांच्याकडे जायचं, एवढीच ओळख. मी पत्राची प्रिंट घेऊन गेले. त्यांनी ती जरा लांब धरली, ओठ हलवत पहिली ओळ वाचली आणि थांबले. "वाचता येतं मला," ते म्हणाले, "पण सगळं कळतं असं नाही. आम्ही अरबी शिकलो ती कुराणापुरती. पगाराच्या पत्रातली अरबी निराळी असते, बेटा. मला चार दिवस दे." येत नाही ते येत नाही म्हणणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं नगरला गेले. तिथं त्यांच्या ओळखीचे एक मौलाना होते, त्यांच्याकडे बसून त्यांनी एकेक शब्द लावला.

चौथ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारी येऊन बसल्या. गुरुजींनी आखीव कागदावर मराठी उतरवलं होतं, ते सावकाश वाचू लागले. नाव, गाव, पासपोर्ट नंबर... आणि मग, "'यांचा उजवा हात यंत्रात सापडल्याने ते वेल्डिंगच्या कामास असमर्थ झाले असून, गेल्या वर्षापासून त्यांना निम्म्या पगारावर पहारेकरी म्हणून ठेवण्यात आले आहे.'" मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं, तितक्याच सावकाश. वर्षभर पप्पा व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा का दाखवत होते, ते मला तेव्हा उमगलं. चाचींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी म्हणाले, "ते खोटं बोलले नाहीत. त्यांचं सांगायचं राहून गेलं. आता अर्जात काय लिहायचं, ते तू ठरव."

त्या संध्याकाळी मी कॉल लावला आणि म्हणाले, "पप्पा, हात दाखवा." फोन आईकडे देऊन त्यांनी हात समोर धरला. दोन बोटं नव्हती.

मी अर्जात सगळं खरं लिहिलं. गुरुजी माझ्याबरोबर तहसीलला आले, एकदा नाही, तीनदा. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही सरकारमान्य भाषांतरकार आहात का? "नाही," गुरुजी म्हणाले, "खाली तसं लिहिलंय." कागदाच्या तळाशी त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात ओळ होती : मला समजले तसे लिहिले आहे, चूक असल्यास माझी. साहेबांनी ती दोनदा वाचली, प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला दाखला हातात पडला. प्रवेशाला दोन दिवस उरले होते. परत येताना गुरुजी बसमध्ये गाढ झोपले. कोल्हार आलं तेव्हा त्यांना उठवताना मला संकोच वाटला.

मी शिकले, नोकरीला लागले. दोन वर्षांनी सगळे मस्कतहून परत आले, आणि पप्पांनी कोल्हारलाच हार्डवेअरचं छोटं दुकान टाकलं. दुकान बंद केलं की पप्पा गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसत. दोघं बोलत फार नसत. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचे उपकार मानायला जातात.

परवा चाळिसाव्या दिवसाच्या दुआला पप्पा आणि मी गुरुजींच्या घरी गेलो. मंडळी पांगल्यावर पप्पा मला म्हणाले, "तुला ठाऊक न्हाई. तुला पत्र वाचून दाखवायच्या आधी त्यांनी मला फोन केल्ता. मावशीकडून नंबर घेतला व्हता."

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले.

"मी लई बोललो त्यांना. म्हणलं, ती ओळ गाळा. आमच्या घरातल्या गोष्टीत तुमी का पडता? सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, पोरीनं हे तहसीलच्या खिडकीवर परक्यांपुढं ऐकायचं का माझ्या घरात, तेवढं सांगा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणनार... म्हणलं, घरातच सांगा. पन ती सकाळची न जेवता निघती. आधी तिला काहीतरी खायला घाला."

त्या दिवशी गेल्या गेल्या चाचींनी माझ्यापुढं गरम भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली होती. ताट रिकामं होईपर्यंत गुरुजींनी कागदाची घडी उघडली नव्हती. मी घाई करत होते, आणि ते म्हणत होते, "जेव बेटा, पत्र कुठं पळून जात नाही."