शाईचा गोल

अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाले त्या उन्हाळ्यात माझ्या अंगावर रोज पित्त उठत होतं. दिवेलागणीला पोटावर, मनगटावर लाल गांधी यायच्या आणि खाजवून जीव नकोसा व्हायचा. हिवाळ्यापासून हेच चाललं होतं. गेरू लावून झाला, घोंगडी पांघरून बसणं झालं. धुळ्याला कॉलेजात जायचं माझं ठरलं होतं, पण आबांनी, माझ्या वडिलांनी, अट घातली होती : जूनपर्यंत पित्त थांबलं तर होस्टेल, नाहीतर घर. परक्या गावात पोरीकडे कोण बघणार?

आमच्या भावकीत तोवर मुलगासुद्धा कॉलेजात गेलेला नव्हता. त्यामुळे माझ्या पित्ताची चिंता मला एकटीला होती. बाकीच्यांकडे उत्तरं तयार होती. बाजारातल्या वैद्याने सांगितलं, अमावास्येला थांबेल. अमावास्या गेली. मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, म्हणायची, "लगीन लाई द्या तिनं. पित्त आपोआप बंद व्हई."

"मंग तुम्हनं डोकं दुखनं का बंद नही व्हयनं?" मी विचारलं. तिने लाटणं उगारलं, पण हसू तिलाही आवरलं नाही.

शेवटी आबांनी छकडा जुंपला आणि मला शहाद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. पित्त कधी उठतं, ओठ सुजतात का, एक गांध किती वेळ टिकते, असं बरंच त्यांनी विचारलं. शेवटचं मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या मनगटावरच्या एका गांधीभोवती फाउंटनपेनने गोल काढला.

"उद्या याच वेळी बघा. गोल रिकामा दिसला तर गोळी लागू पडायची आशा जास्त. गांध तिथंच राहिली, डाग राहिला, तर प्रकरण वेगळं."

"पन डाक्टरसाहेब, जूनलोंग बरी व्हई का नही, येकदाव सांगी टाका," आबा म्हणाले.

"ते मला सांगता येणार नाही. काहींचं पंधरा दिवसांत थांबतं, काहींचं दोन-दोन वर्षं चालतं."

मला वाटलं, संपलं. घरी मोठ्या मायने तेच बोलून दाखवलं : "त्याले काही ठाऊकच नही, मंग शहादाले कसाले गयात?"

आबा पागोटं उतरवत म्हणाले, "सारंगखेडाना बाजारमा जो व्यापारी सांगस, घोडाले काहीच खोड नही, तेनाकडथून मी घोडं लेत नही. हाऊ मानूस खोटं बोलत नही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खं घर माझ्या मनगटाभोवती जमलं. गोल पुसला जाऊ नये म्हणून मी उजव्या हाताने धुणी कशीबशी आपटली होती. आबांनी मनगट कंदिलाजवळ धरलं.

"रिकामं शे!" ते ओरडले. कोपराजवळ नवीन गांध उठली होती, तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी झोप फार यायची. भाकरी थापता थापता मी पेंगायचे. पित्त निम्म्यावर आलं आणि तिथंच थांबलं. जून आला तेव्हा आम्ही पुन्हा छकड्यात. डॉक्टर म्हणाले, "निम्मं उतरलं ही चांगली खूण आहे. पुढंही उतरेल असं मला वाटतं. पण कधी, ते आजही सांगता येत नाही."

परतीच्या वाटेवर मी पदराने डोळे पुसत होते. गाव दिसायला लागलं तेव्हा आबा बैलांकडे बघत म्हणाले, "पित्त आठे घरमाबी उठी नि तठे धुळामाबी उठी. मंग कालेज कसाले सोडानं?"

होस्टेलच्या मुली माझ्या घोंगडीला हसल्या. हसू दे. गांध उठली की मी माझ्याच पेनाने तिच्याभोवती गोल काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तो रिकामा बघून वर्गात जायचे. दुसऱ्या वर्षी गोल काढायची गरज कमी कमी होत गेली; शेवटची गांध कधी उठली ते आठवतही नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. त्या डॉक्टरांनी आबांना एखादी खोटी तारीख दिली असती, तर जूनमध्ये ती चुकली असती आणि मी घरी बसले असते.

सुट्टीत एस.टी.तून उतरले की आबा आधी माझं मनगट उलटसुलट करून बघत, मग गुणपत्रिका हातात घेत. त्यांना वाचता यायचं ते मनगटच.