पोथीच्या फडक्यातली कादंबरी

आमच्या चिंचणीत कुसुमबाईंइतकी भित्री बाई दुसरी नव्हती. झुरळ दिसलं तरी पाटावर चढायच्या. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून थोरल्या दिराच्या घरी राहायच्या. या हरिश्चंद्रभाऊंची चिकूची वाडी मोठी आणि आवाज त्याहून मोठा. भाऊ अंगणात नुसते खाकरले, तरी कुसुमबाईंच्या हातातलं भांडं पडायचं.

अशा बाईनं चोपन्न सालच्या श्रावणात जे केलं, ते मी अजून विसरले नाही.

भाऊंची लेक मनोरमा लग्नाच्या वर्षातच पांढऱ्या कपाळानं माहेरी आली होती. पोर हुशार. तिला शिकून मास्तरीण व्हायचं होतं. पण अब्रूचं नाव काढून भाऊंनी तिला मागच्या दारी बसवून ठेवलेलं. त्यांना सांगणार कोण? कुसुमबाईंची तर छातीच होईना.

दुपारची जेवणं झाली की त्यांच्या माजघरात आम्ही बायका पोथी ऐकायला जमायचो, मनोरमाही कोपऱ्यात बसायची. वाचायच्या कुसुमबाई. एक दिवस पोथीच्या लाल फडक्यातून निघाली एक जुनी कादंबरी, मागच्या शतकातली, कसर लागलेली. तिच्यातली विधवा पोर न्हाव्यापुढे बसत नाही, मला शिकायचंय म्हणते. बाहेर संशय नको म्हणून कुसुमबाई ते सगळं ओवीच्या चालीत म्हणायच्या! हसू दाबता दाबता आमच्यातल्या रखमाबाईंना ठसका लागायचा. पण आतून आम्ही सगळ्याच घाबरलेल्या. भाऊंना कळलं असतं तर त्यांनी कुसुमबाईंना उभ्या पावली घराबाहेर काढलं असतं, आणि त्यांना जायला माहेरही उरलं नव्हतं.

आणि एका दुपारी अंगात ताप भरला म्हणून भाऊ वाडीतून लवकर परतले. वहाणांचा आवाज आला नि आमचं अवसानच गळालं. पण अध्याय सुरू झाला की मध्ये मोडायचा नाही, हा रिवाज त्या घरात भाऊंनीच कडक पाळलेला. ते हात जोडून दाराशी बसले.

कुसुमबाईंना खरी पोथी तोंडपाठ होती. मी मनात म्हणत होते, बदला हो बाई, बदला! त्यांनी मनोरमेकडे पाहिलं.  आणि चाल सोडून त्या सरळ वाचू लागल्या, "बाबा, माझं कुंकू गेलं, बुद्धी गेली नाही."

त्या थांबेपर्यंत कोणी हललं नाही.

"कुसुम, ही पोथी नव्हे," भाऊ म्हणाले.

"नाही, भाऊजी."

"पुढं वाच."

"पुढची पानं कसरीनं खाल्लीत."

भाऊंचे डोळे तापानं लाल झालेले. मला वाटलं, आता पुस्तक चुलीत आणि बाई रस्त्यावर.

"मग त्या बापानं काय केलं?"

कुसुमबाईंनी पदर डोक्यावर ओढला. त्यांचे दात वाजत होते. "ते तुम्हीच सांगा, भाऊजी. पोर इथंच बसलीय."

भाऊंनी मान वळवून मनोरमेकडे पाहिलं. ती माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच.

बासष्ट साली माझ्या धाकटीला शाळेत मुळाक्षरं शिकवली ती मनोरमाबाईंनीच. कुसुमबाई तेव्हाही भाऊ खाकरले की दचकायच्या.