ऑक्सिमोरॉन आणि बंद दार

इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ऑक्सिमोरॉन लिहिलं आणि माझं डोकंच फिरलं. विरुद्ध अर्थाचे दोन शब्द एकमेकांना चिकटवायचे, म्हणे भाषेला धार येते. ओपन सिक्रेट. लिव्हिंग डेथ. आता, उघडं आहे तर ते गुपित कसलं? आणि जिवंत आहे तर मरण कुठून आलं? असं विचारलं, तर सर म्हणाले, "मॅट्रिकला बसायचंय ना? मग घरून स्वतःचं एक उदाहरण करून आण."

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. शाळा बंद, गिरण्या बंद. लालबागच्या आमच्या चाळीतून बाबा आणि शेजारचे काका सकाळीच मोर्चाला गेले. दोघं एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात, मागांवर कापड विणायला.

दुपारी बातमी आली, परळला गोळीबार झाला. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून बाबांना कमी ऐकू यायचं. पोलीस मागून 'पांगा' म्हणून ओरडले, तर यांना कळणार कसं? माझ्या डोक्यातून हे जाईना. मी गॅलरीत येरझारा घालत होते. आई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. शेवटी ती खेकसली, "बस गो एका जागी. माझा जीव काय कमी टांगणीला लागलाय?"

शेजारच्या काकू कठड्याशी उभ्या होत्या. उलट त्याच आम्हाला धीर देत होत्या. "दोघं बरोबर गेलेत ना, बरोबरच येतील."

बाबा मागच्या जिन्याने आले. एकटेच. आत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या चाळीत दिवसा दार कुणी लावत नाही. आईने त्यांचे हात चाचपले, पाठ चाचपली. कुठे काही लागलेलं नव्हतं. तिला हसू फुटलं, आवरता आवरेना.

मग बाबा बोलले, पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मागांच्या आवाजात साचेवाले असेच एकमेकांशी बोलतात, आम्हा घरच्यांनाही ते वाचता यायचं. "तो गेला. माझ्या शेजारीच होता."

फळीच्या भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "आलं का गं कुणी?"

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिचं हसू अजून गेलं नव्हतं. माझंही नव्हतं. बाबा जिवंत होते आणि मला इतका आनंद झाला होता की माझीच मला किळस आली. सरांचे ते दोन शब्द एकमेकांना कसे चिकटतात, ते मला तेव्हा कळलं. वर्गात मात्र मी ते उदाहरण कधी दिलं नाही.

आईने मोरीत जाऊन तोंड धुतलं. दार उघडलं. काकूंना काही सांगायच्या आधीच तिने त्यांना मिठी मारून हंबरडा फोडला, आणि तो खोटा नव्हता.