बोंबलाच्या वखारीतला साबू

त्या दिवशी वखारीत आमी पाच जनं होतो. मी, माजी जाऊ चंपा, माजी सून निशा, मनोरकडून गवंडीकामाला आलेला लखमा, आन माजा दीर. पालघरची दुकानवाली बाई आली ती सहावी, पन ती फार येळ थांबली नाय. मी सांगते आन निशा लिवते, म्हनून आदीच सांगून ठेवते की माज्या दिरासारखा नाकावर जगनारा मानूस ह्या किनाऱ्यावर झाला नाय. बाकीची मानसं डोळ्यानं बगतात, कानानं ऐकतात. हा आदी हुंगतो, मंग वळकतो.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेवा तो एवढासा होता, म्हनून मी त्याला धाकल्या म्हनते. आता मिशा पांढऱ्या झाल्या, कंपनीतनं रिटायर झाला, तरी धाकल्याच. आन त्याचं नाक तेवापासून असंच. वारा फिरला की सांगनार, डहाणूकडं कोनी तरी गवत जाळतंय. लग्नाची पत्रिका हातात दिली तर वाचायच्या आदी नाकाला लावनार. एकदा बोईसरच्या डॉक्टरकडं ताप दाखवायला गेला, तर डॉक्टरलाच सांगून आला की तुमी सकाळपासून उपाशी हाय, आदी काय तरी खाऊन घ्या. आमी निशाला बगायला गेलो तेवा तर लाज काढली. पोरगी अजून बाहेर यायची होती, च्या पन आला नव्हता, आन हा बसल्या जागी मान वर करून म्हनतो, "घरात फनस पिकलाय. आदी फनस आना, मंग पोरगी." निशाच्या बापानं खाटेखाली पोत्यात झाकून ठेवला होता, तो बिचारा काढावा लागला. निशा अजून म्हनते की मला पसंत कोनी केलंच नाय, सगळे फनस खान्यात होते.

कंपनीत तो रंगाच्या खात्यात होता, तारापूरकडं. एक आठवडा हात लाल, दुसऱ्या आठवड्यात निळे. सरावलीला एक खोली होती, तिथं चंपा त्याला दारातच अडवायची. आंगोळ केल्याबिगर घरात पाय नाय, भाकरी नाय. दुकानातला साबू लावला तर ना रंग जायचा ना वास. मंग ह्यानं डोकं चालवलं, मीच साबू करतो. चंपाच्याच चुलीवर, चंपाच्याच टोपात. पयला साबू केला त्यानं रंग गेला, पन रंगासंगं कातडी पन गेली. दुसरा इतका कडक झाला की चंपानं तो वाटनाचा दगड म्हनून वापरला. पन धाकल्या सोडतो काय. खोबरेल तेल आन, कास्टिक आन, तुळस घाल, वाळा घाल. सुट्टीला गावात आला की पिशवीभर साबू घेऊन यायचा आन घरातल्या प्रत्येकाला एकेक देऊन विहिरीवर पाठवायचा. आमी आंगोळ करून आलो की रांगेत उभं करून हुंगायचा. हळूहळू मात्र त्याचा हात बसला, आन साबू असा झाला की शेजारनी मागून न्यायला लागल्या. मंग त्यानं साबवांना घरच्यांची नावं दिली. चंपा नावाचा होता तो डोळ्यात गेला की झोंबायचा. माज्या नावाचा पन एक होता, त्याला काय वास नाय, वरून खरखरीत. मी इचारलं, माज्याच साबूला वास का नाय रे. तर म्हनतो, "वयनी, तो तुज्यासारखा हाय. जाम घासल्याबिगर फेस येत नाय, पन एकदा आला की संपत नाय." तो साबू मी अजून वापरते.

रिटायर झाला आन सरावलीची खोली विकून दोघं गावात आली. आमचं गाव शिरगावच्या पुढं, खाडीच्या तोंडाशी. तिथं माजी बोंबलाची वखार रिकामी पडली होती. माजे गुडगे गेले तसं मी धंदा बंद केला, घरापुरते वाळवते तेवढेच. धाकल्या वखारीसमोर उभा राहिला आन म्हनला, वयनी, ही मला दे, मी साबूचा कारखाना काढतो. चंपा म्हनली, नाय चालला तर आपन झोपायचं कुटं, साबवावर? खोली तर गेली. हे ती हसत म्हनली. मी म्हनलं, घे.

मंग सुरू झालं काम. लखमा भातकापनी उरकून आला होता, चार दिवसांत परत जाऊ म्हनून. होळी इथंच झाली त्याची. धाकल्याचं पयलं भांडन दारावरून. दार समुद्राकडं नको, वाऱ्यानं खारट वास येतो, म्हनून दक्षिनेला पाडलं. मंग तिकडं शेजाऱ्याचा गोठा, म्हनून बुजवून परत समुद्राकडं. लखमा थंड डोक्याचा, तो म्हनला, "काका, दाराला चाकं लावू काय?" भिंतीचं तर काय इचारू नका. इतकी वरसं मिठाची पोती टेकून होती, सगळं मीठ भिंतीत गेलेलं. पांढरा रंग लावला की आठवड्यात खवल्यासारखा गळून पडायचा. धाकल्या सकाळी उठून भिंतीला हात लावून बोलायचा, बाई, आज तरी धर गं. लखमा म्हनला, ही भिंत नाय काका, ही खारवलेली मासळी हाय, हिला रंग नाय, मसाला लावा. शेवटी सगळा गिलावा खरवडला. जमीन हातभर खोदून माती बाहेर टाकली, नवी भरली, वर लादी बसवली. कौलं एकेक करून सोड्यानं धुतली आन अंगनात उन्हाला मांडली, तर कावळे येऊन बसले, तेवा कावळ्यांवर पन ओरडला. एकच गोष्ट सोडली. वरचा माळा. लखमा पहार घेऊन चढला होता, तर धाकल्यानं त्याला खाली उतरवलं. म्हनला, ते लाकूड चांगलं हाय, त्याला हात नाय लावायचा.

मंग साबू केले. साबू पन आमच्या बोंबलासारखाच असतो, केला आन इकला असं नाय, महिनाभर वाळवावा लागतो. माळ्याखाली फळ्यांवर हारीनं मांडले, गुलाबाचे, वाळ्याचे, लिंबाचे. निशानं फोनवर फोटो टाकले, ते बगून पालघरच्या दुकानवाल्या बाईनं निरोप दिला, मी येते, माल आवडला तर दर महिन्याला घेईन. चंपानं त्या दिवशी नवी साडी नेसली. बाई यायच्या आदी धाकल्यानं आमाला आत बोलवून सांगितलं, डोळे मिटा आन हुंगा, बोंबलाचा वास येतो काय खरं सांगा. चंपानं हुंगलं, म्हनली नाय. निशानं हुंगलं, मी हुंगलं, नाय. त्यानं स्वता कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन हुंगलं. डहाणूचं गवत कळनारं नाक ते. म्हनला, गुलाबाबिगर काय नाय. लखमाला कोनी इचारलं नाय, तो लादी पुसत होता.

बाई स्कूटीवरून आली. चांगली होती, हसतमुख. उंबऱ्यावर पाय ठेवला आन थांबली, ओढनी नाकाला गेली. पन मानूस भला, तशीच आत आली, एक साबू उचलला, हुंगला, दुसरा हुंगला. मंग हळूच म्हनली, "काका, गुलाब आहे. पण गुलाबाच्या आत मासा आहे." कोनाचा अपमान करायचा नाय म्हनून च्या घेतला अर्धा कप, वास गेला की मला बोलवा म्हनली, आन गेली.

आमी सगळे परत हुंगायला लागलो. तोंड वर करून, खाली करून. काय नाय. जन्म बोंबलात गेला, आमाला तो कसा येनार. धाकल्या लखमाकडं वळला.

"लखमा, तुला येतो वास?"

"येतो ना काका."

"कदीपासून?"

"आलो तवापासून. मला वाटलं तुमाला तो पायजेच हाय."

लखमानं वर बगितलं आन आमी पन बगितलं. उन्हानं कौलं तापली होती, आन माळ्याच्या फळ्यांतून तेल सुटत होतं, घामासारखं. खाली साबू. मला कोनी सांगायला लागलं नाय. त्या फळ्या माज्या मालकाच्या, धाकल्याच्या दादाच्या, बोटीच्या. आदी लाकडाच्या बोटीला मासळीचं तेल चोपडायचे, पानी लागू नये म्हनून. त्यानं वरसानुवरसं चोपडलेलं. मंग एका वादळात बोट परत आली, किनाऱ्यावर आपटून फुटली, मालक नाय आला. मी रडायला बसले नाय, तीन पोरं होती आन हा दीर शिकायचा होता. फुटक्या फळ्या ओढून आनल्या, माळा केला, पावसाळ्यात बोंबील वर ठेवले. त्या माळ्यावर पोरं मोटी झाली, धाकल्या आयटीआय शिकला.

तो पायरीवर जाऊन बसला. सगळीकडं बगत होता, वर सोडून. चंपाला म्हनला, नाय जमलं, सरावलीला भाड्यानं खोली बगू. चंपा नव्या साडीच्या पदराचं टोक पिळत राहिली.

मी म्हनलं, "धाकल्या, माळा काढ."

"दादाची बोट हाय ती, वयनी."

"बोट नाय, फळ्या हायत. बोट त्याच्यासंगं गेली. तिनं आपल्याला पोसलं, आता तुला उपाशी मारील. काढ."

तो हलला नाय. मी लखमाकडून पहार मागितली आन माज्या गुडग्यांनी शिडीची पयली पायरी चढले, तेवा कुटं उठला. मला धरून खाली उतरवली आन स्वता चढला. लखमाला हात लावू दिला नाय. एकेक फळी उचकटून खाली द्यायचा, दोन्ही हातांनी, बोटीतनं टोपली उतरवतात तशी. शेवटची फळी बराच येळ हातात धरून होता. नाकाला लावली. म्हनला, वयनी, मला अजून पन काय येत नाय गं. मी म्हनलं, मला पन नाय.

त्या फळ्यांचं लखमानं जाता जाता बाहेर भिंतीला लागून बाकडं करून दिलं. मी तिथंच बसते, ऊन खाते, समोर चार बोंबील वाळत असतात. पयला माल सगळा गावात वाटला, आमच्या गावात तो कोनाला खटकला नाय. आता नवा माल वाळतोय. परवा मी आत गेले तर मला वखार वळकू येईना. तेच दार, तीच भिंत, पन कोना दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटलं. तेवा कळलं की इतकी वरसं तिथं काय तरी होतं. मी लवकर बाहेर आले.

धाकल्याचं मात्र सुख गेलंय. बाईला बोलवायचं हाय, पन धीर होत नाय. पोस्टमन आला तरी त्याला आत नेऊन हुंगायला लावतो, पन पोस्टमन पन आमच्याच गावचा. म्हनून तुमाला सांगते, हे वाचनाऱ्यांना. तुमी शिरगावच्या बाजूला आलात, आन तुमच्या घरी मासळी शिजत नसेल, तर वाकडी वाट करून या. आत उभं राहा आन एकदा हुंगा. त्याचं तोंड बगून खोटं बोलू नका. वास येत असला तर त्याला नाय, बाहेर येऊन मला सांगा.