दारावरची अक्षरं

आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचा गठ्ठा होता. माझे वडील, आप्पा, रेल्वेत रुळांच्या कामावर होते. दिवसभर घण आणि पहार, आणि संध्याकाळी दौंडच्या आमच्या वस्तीत ओट्यावर बसून पत्रकं लिहायची. जयंतीचं, पाण्याच्या मोर्चाचं, वाचनालयाच्या वर्गणीचं. छापखान्यातून कच्चा कागद आला की मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "वाच." काना, मात्रा, वेलांटी, सगळं मोठ्यानं. ते डोळे मिटून ऐकायचे. अशी मी वाचायला शिकले आणि भांडायलाही.

पत्रकाचा विषय कुठलाही असो, त्यात एक परिच्छेद जुन्नरचा असायचाच. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी आहेत, तिथल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांचा, कासारांचा उल्लेख आहे, हे त्यांनी तरुणपणी कुठंतरी वाचलं होतं. "ज्यांना बखरीत जागा मिळाली नाही, त्यांची नोंद डोंगरानं ठेवली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याच्या मोर्चाच्या पत्रकातही ते आलं, तेव्हा मी विचारलं, नळाचा आणि लेण्यांचा काय संबंध?

"आपलं नाव दगडात हाय हे ज्याला ठावं हाय," ते म्हणाले, "तो हंडा घिऊन मागं उभा ऱ्हात न्हाई."

पण जुन्नर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ड्यूटी, मोर्चे, आईचं आजारपण, माझं शिक्षण. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणाले, तोवर साखरेनं डोळे धरले. उजवा गेला. डावा अजून काही महिने साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले. मग आप्पांनी एकच धरलं. तो डोळा जायच्या आत त्यांना ती अक्षरं बघायची होती.

आमचा जायचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढायला लावला.

गाडी माझ्या कॉलेजातल्या मित्राची. तो शिरूर तालुक्यातला, निमोण्याचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, हा रांजणगावच्या एका कंपनीची बस चालवतो. शिरूर मागं पडल्यावर त्यानं सुरू केलं.

"आप्पा, लोक शिवनेरीवर जात्यात, आन् तुम्ही शेजारच्या भोकांत?"

"गडावर तू जा. मेंढक्या तू, टेकाड दिसलं की चढणार."

"मेंढरं आज्यानं इकली. मी बसभर माणसं हाकतो, कंपनीच्या गेटापातूर. मेंढरं बरी म्हणायची, वरडायची तरी. ही नुसती मोबाईल बघत्यात."

"त्यांना म्हणावं वरडा. पत्रक मी लिवून देतो."

मीही हसले. वाटेत आप्पा सारखं सांगत होते, समोरून ट्रक आला, आता झाड गेलं. मला वाटलं, दिसतंय. थोडं तरी दिसतंय.

गावाबाहेर गाडी लावून आम्ही डोंगर चढलो. पायऱ्या झिजलेल्या, मध्येच गायब. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी, मागून मित्राचा आधार. लेण्याच्या तोंडाशी पोचल्यावर आप्पांनी चपला काढल्या, रुमालानं चष्मा पुसला आणि परत घातला.

"कुठं हाय?"

"दाराच्या वर."

त्यांनी मान वर केली. बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "वर उजेड हाय. खाली काळं. बास."



"वाच," ते म्हणाले.

तोच आवाज, ओट्यावरचा. मी वर बघितलं. एक अक्षर अधिकच्या खुणेसारखं, एक गोल, एक नुसती उभी रेघ. मराठी घेऊन एमए झालेली मी, आणि त्या ब्राह्मी लिपीतलं मला काहीही येत नव्हतं. मग जे येत होतं ते म्हटलं. "ज्यांना बखरीत जागा मिळाली नाही..."

"हे माझं हाय," आप्पा म्हणाले. "तिथलं वाच."

"मला येत नाही, आप्पा."

मित्रानं फोटो काढला, कुठंतरी शोधायचा प्रयत्न केला. "रेंजच न्हाई हितं."

"डोंगर चढून दमली आसंल," आप्पा म्हणाले, पण स्वतः हसले नाहीत.

बाजूला एक फलक होता. नासधूस कराल तर शिक्षा, एवढंच त्यावर. दारावर कोण काय सांगतंय, याचा एक शब्द नाही. माझ्या अंगाची आग झाली. एरवी मी तिथल्या तिथं दोन पानं लिहिली असती. पण ती वाचायची कुणी? ज्याला वाचायचं होतं तो भिंत चाचपत होता.

दाराच्या कडेला, छातीच्या उंचीवर त्यांची बोटं थांबली.

"घावलं," ते म्हणाले. "हे बघ. हे खोल हाय. हितून वळलंय." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आईच्या जाण्यानंतर पाहिला नव्हता. बोटं पुन्हा पुन्हा त्या खाचांतून फिरत होती. "हेच की गं! खाली बी हाय एक."

मित्रानं माझ्याकडं बघून मान हलवली. सांगू नको. क्षणभर मलाही वाटलं, काय बिघडतंय? पण त्यांची बोटं अक्षर लावू पाहत होती, आणि ते आज ना उद्या लागलंच असतं.

"आप्पा, ते नाही. ते आत्ताचं आहे. कुणीतरी खिळ्यानं कोरलंय."

"काय?"

"एका पोराचं नाव, एका पोरीचं. मध्ये बदाम."

त्यांनी हात काढून घेतला. शर्टाला पुसला. मग विचारलं, "मंग आपलं किती वर हाय?"

"माझा हात पोचत नाही."

"खांद्यावर बसा माझ्या," मित्र उकिडवा झाला.

"पडलो तर हितंच नाव कोरावं लागंल माझं. ऊठ."

"मंग काठी धरा वर. काठी पोचंल."

आप्पांनी काठी उचलली. मी मनगट धरून ती वर नेली. पहिल्या अक्षराच्या खाली वीतभर अंतर उरलं.

"अजून थोडं," मी म्हटलं. "आता लागेल."

काठी तिथंच थांबली.

"हिच्या टोकाला लोखंड हाय न्हवं?"

"आहे. पण हळूच..."

"टवका उडंल," ते म्हणाले आणि काठी खाली घेतली.

मी म्हटलं, टोकाला रुमाल गुंडाळू. म्हणाले, राहू दे. म्हटलं, शिडी मिळते का गावात बघू. राहू दे. मित्र पाणी आणायला म्हणून खाली उतरला, खरं तर त्याला तिथं थांबवत नव्हतं.

आप्पा उंबऱ्यावर बसले, तोंड दरीकडं, जिकडं उजेड होता तिकडं.

"तू बघ," ते म्हणाले. "नीट बघून घे."

मी मान वर करून बघत राहिले. मान दुखायला लागली तरी बघत राहिले. एकही अक्षर लागत नव्हतं.