दुखलं तरच गुण येतो म्हणणाऱ्यांनो

"बी-ट्वेल्व्ह फारच कमी आहे," अमरावतीचे डॉक्टर रिपोर्टवरून मान वर न करता म्हणाले. "नसांवर परिणाम झालाय, पावलं बधिर झालीत. दिवसाआड एक, अशी सात इंजेक्शनं. मग आठवड्याला, मग महिन्याला. कायमचं."

आई शेजारी बसली होती. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. दवाखान्याच्या दारात निसटली होती आणि तिला कळलंही नव्हतं. भातकुलीला, तिच्या गावी, महिनाभर हेच चाललं होतं आणि आम्ही 'वय झालं आता' म्हणून हसण्यावारी नेत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

बी-ट्वेल्व्ह म्हणजे रक्ताला आणि नसांना लागणारं जीवनसत्त्व. आईच्या पोटात ते नीट शोषलंच जात नव्हतं, म्हणून सुई. एवढी दोन वाक्यं सांगायला डॉक्टरांना सवड नव्हती.

आईला मी अकोल्याला माझ्या घरी आणलं. सुया टोचायला गल्लीतला कंपाउंडर यायचा. तिला भिंतीला धरून उभं करायचा, कमरेवर स्पिरिटचा ओला बोळा फिरवायचा, सुई खुपसायचा आणि सगळं औषध एका दमात आत ढकलायचा. वरून ती जागा कणीक तिंबल्यासारखी रगडायचा. आई कळवळली की म्हणायचा, "दुखलं तरच गुण येते, काकू."

तिसऱ्या सुईनंतर तिला एका कुशीवर झोपता येईना. चौथ्या सुईच्या दिवशी तिनं न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. "मले नाई पायजे! लंगडी झाली तरी चालन!"

मी दारावर थापा मारत होते, ओरडत होते. कंपाउंडर हसत निघून गेला. त्या दिवसाची सुई चुकली.

पुन्हा अमरावती गाठली. डॉक्टर म्हणाले, "मध्येच सोडलंत तर चालणं परत येईलच असं नाही." बस, एवढंच. दुखतं त्याचं काय करायचं, ते नाही.

ते सांगितलं ड्रेसिंगच्या खोलीतल्या नर्सबाईंनी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "औषधाच्या कुप्या, अँप्युल, ठेवता कुठे?"

"फ्रिजमध्ये." अकोल्याच्या मे महिन्यात आम्ही टिकल्यांची पाकिटंसुद्धा फ्रिजमध्ये ठेवतो.

"आणि तसंच गार टोचता?"

म्हणजे निम्मं दुखणं माझ्याच फ्रिजमधून येत होतं.

पुढचं इंजेक्शन त्यांनी समोर उभं राहून माझ्याच हातानं द्यायला लावलं. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी असंच कुणा नर्सकडून शिकून घ्या, माझं वाचून सुई हातात घेऊ नका. औषध अर्धा तास आधी बाहेर काढायचं. सिरिंजमध्ये भरून झालं की सुई बदलायची. पेशंटला उभं करायचं नाही, बसवायचं आणि पाय सैल सोडायला सांगायचं. जागा मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, आणि दर वेळी पाय बदलायचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. सुई झटकन आत, औषध मात्र सावकाश. नंतर बोळा नुसता दाबून धरायचा, चोळायचा नाही.

आई डोळे घट्ट मिटून बसली होती. "झालं," मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. तिचा विश्वासच बसेना. नर्सबाईंना म्हणाली, "दुखलंच नाई. नुसतं पाणी घातलं काय वो तुमी?"

लाल औषधाची रिकामी अँप्युल मी तिच्यापुढे धरली, तरी तिची शंका जाईना. मग मात्र माझं डोकं फिरलं. सोसलं तरच फळ, हे या बाईच्या मनात भरवलं कुणी? बाळंतपणात तोंडातून हूं की चूं काढलं नाही म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांनीच ना? आणि तो कंपाउंडर आजही गल्लीत कुणाला तरी भिंतीला उभं करत असेल.

त्यानंतरच्या सगळ्या सुया घरीच दिल्या, मी. एकही चुकवली नाही.

दिवाळीला आईला नवी चप्पल आणली. पाडव्याला ती अंगणातून ओरडली, "कायची आणली वो पोरी हे? चावून राहिली ना!"

मी स्वयंपाकघरातून उलट ओरडणार होते, सगळा बाजार पालथा घातला म्हणून. मग ती काय म्हणाली ते डोक्यात शिरलं. धावत गेले, तिच्या अंगठ्यावर फोड आला होता. तो पाहून मी तिथंच बसले आणि रडू लागले.

आई वैतागली. "फोड माह्या पायाले आला, तू कावून रडून राहिली?"