पिराजीमामांचा दिवा आणि माशांचे डोळे

पिराजीमामांनी एकतीस वर्षांत प्राणिशास्त्र विभागातला एकही मासा उपाशी ठेवला नव्हता. प्राध्यापक आले नि गेले, टाक्यांचं पाणी बदलणारे मामा तेच. आता निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ते बिनबोभाट जावं एवढीच त्यांची इच्छा.

आदितीची पीएचडी गोल्डफिशच्या डोळ्यावर. डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी एकमेकींना रसायनातून निरोप धाडतात, हे तिनं मामांना चहा पिता पिता समजावलं होतं. उजेड दिसला की डोपामिन नावाचा निरोप सुटतो, की दिवस उगवला, कामाला लागा. अंधारात तो जवळजवळ थांबतो. म्हणून मासे रात्रभर अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, सकाळी आठला तपासायचे आणि तोवर बटण कुणी दाबायचं नाही.

मामांनी बटणाला बोटही लावलं नाही. पण पोरीचे आकडे काही जुळेनात. अंधारातल्या माशांच्या डोळ्यांतही डोपामिन भरपूर. रसायनं बदलली, मासे बदलले, मार्गदर्शक सरांची बोलणी खाल्ली. चार महिने वाया गेले. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, की फक्त रविवारचे मासे तेवढे शहाण्यासारखे वागतात.

मामांच्या हातातली जाळी तिथंच थांबली. रविवारी ते जोतिबाला जात. बाकी सहा दिवस साडेसातला खोली उघडून पहिलं काम काय, तर कोनाड्यातल्या गणपतीपुढं तुपाचा दिवा. आठला आदिती येईपर्यंत तो विझलेला असे. देवाचा दिवा म्हणजे काही लाईट नव्हे, अशी मामांची पक्की समजूत.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पोरगी बिचाऱ्या माशांना बोल लावतेय, हे त्यांना सोसेना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांच्या देखतच ते म्हणाले, "ताई, माशांचा दोष न्हाय. रोज सकाळी मी तिथं दिवा लावतोय. काय ती शिक्षा करा."

आदिती आधी चिडली, मग हसत सुटली. एवढ्याशा ज्योतीनंही निरोप सुटतो का, हे तपासायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. तिनं मामांना खुर्ची दिली, कागद पुढं ओढला.

"दिवा टाकीपासनं किती लांब असतोय? आणि तो लागला की मासे काय करतात, तुम्ही बघितलंय न्हवं, मामा?"

मामांनी बघितलं होतं. एकतीस वर्षांत विचारलं मात्र कुणी नव्हतं. त्या दिवशी ते दीड तास बोलत होते, आणि विभागातला चहा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी आणला.